"तू मंदिर खराब केलंस"

मागच्या महिन्यात चर्चमध्ये मी शिकवते त्या संडे स्कूलच्या (मुलांच्या बायबलच्या) वर्गात एक वाक्य कानावर पडलं. ते अजून डोक्यातून जात नाही. वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला टाइप १ मधुमेह आहे. त्याने बोटाला सुई टोचून शुगर तपासली, तेव्हा शेजारची मुलगी अगदी मायेने म्हणाली, "तू खूप चॉकलेटं खाल्लीस ना? म्हणून देवाचं मंदिर खराब झालं."

ती मुलगी दुष्ट नाही. तिला हे शिकवलं कोणी? मीच. दोनच रविवार आधी आम्ही बायबलमधलं १ करिंथ ६:१९ हे वचन पाठ केलं होतं. तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. आणि मग नेहमीप्रमाणे मी यादी लावली होती: दात घासा, भाज्या खा, गोड कमी, मोबाइल कमी. वचन एकीकडे, यादी एकीकडे, मध्ये मी फेविकॉल.

खरं तर टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. त्यात मुलाची चूक नाही, आईबापाचीही नाही. बायबलमध्ये योहान ९ मध्ये येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू सरळ सांगतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. हा अध्याय मी किती वेळा शिकवला असेन! पण शरीराची काळजी शिकवायला उभी राहिले की मी नकळत त्या शिष्यांच्या रांगेत जाऊन बसते.

आणखी एक कबुली. त्या वचनाच्या आधीचा भाग वाचलात तर ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे भाज्यांबद्दल बोलतच नाहीये. तो करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, जारकर्मावरून (अनैतिक शरीरसंबंधांवरून) खडसावतोय. म्हणून ते वचन शरीराच्या काळजीला लावूच नये असं माझं म्हणणं नाही. पण लावताना लगेच पुढचं वचन विसरू नये: तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात. म्हणजे ज्याची किंमत आधीच चुकवून झाली आहे, ते हे शरीर. मुलाला हे आधी कळलं पाहिजे, यादी नंतर. आम्ही नेमकं उलटं करतो. "देव बघतोय हं" म्हणत देवाला स्वयंपाकघरातला पोलीस करतो, आणि मग मूल देवापासून लपून खायला शिकतं. लपून खाण्याची सवय गोडापेक्षा वाईट, हे माझं ठाम मत आहे.

बाबेलच्या राजवाड्यात बंदी म्हणून आणलेल्या दानीएलाच्या गोष्टीचंही तेच. दहा दिवस भाजी आणि पाणी, आणि चेहरे टवटवीत! ती आपण डाएट प्लॅनसारखी सांगतो. पण दानीएलाचा प्रश्न वजनाचा नव्हता, राजाच्या ताटाने स्वतःला विटाळून घ्यायचं नाही हा होता.

त्यापेक्षा मला संदेष्टा एलीया जास्त उपयोगी वाटतो (१ राजे १९). तो थकलाय, घाबरलाय, मरण मागतोय. देव त्याला काय देतो? झोप. मग देवदूत उठवून म्हणतो, खा. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून खायला देतात. बोलणं त्यानंतर, डोंगरावर. संध्याकाळी सात वाजता किरकिरणाऱ्या लेकराला नीतीचा धडा देणाऱ्या प्रत्येक आईने (माझ्यासकट) हा अध्याय फ्रिजवर चिकटवावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, असं डॉक्टर सांगतात. आमच्या घरात झोपेची वेळ पाळायला लागल्यावर अर्धा "हट्टीपणा" कुठे गेला कळलं नाही. येशूसुद्धा वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांपैकी उशीचा उल्लेख फक्त मार्क करतो आणि मुलांना नेमका तोच आवडतो.

हात धुण्यावरून मात्र माझ्या लेकीने मला पकडलं. "मार्क ७ मध्ये शिष्य हात न धुता जेवले आणि येशू रागावला नाही. मग मी का धुवू?" मी दोन मिनिटं गप्प. मग सांगितलं, तिथे भांडण जंतूंचं नव्हतं, परंपरेच्या शुद्धतेचं होतं. न धुतलेल्या हाताने देवासमोर अपवित्र होत नाही, हे खरंच. पण तुझ्या हातावरचे जंतू आजीच्या पोटात जातील, आणि आजी तुझी सर्वांत जवळची शेजारी आहे. शेजाऱ्यावर प्रीती करायची, तर साबण लावायचा. आता ती नळाखाली प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणते. वीस सेकंदांहून जास्तच होतात. कधीकधी "आमेन" वर पाणी बंद करायचं विसरते, ते वेगळं.

गोडाबद्दल एवढंच की बायबलच्या नीतिसूत्रे २५:१६ मध्ये मध सापडला तर पुरेल इतका खा, असं आहे. "खा" हा शब्दही त्यातच आहे.

मागच्या रविवारी मी वर्गाची माफी मागितली. मधुमेह कशाने होतो ते त्या मुलालाच सांगायला लावलं, त्याने माझ्यापेक्षा छान सांगितलं. मग बायबलमधल्या याईर नावाच्या अधिकाऱ्याच्या मुलीची गोष्ट घेतली. बारा वर्षांची मुलगी मेलेली, येशू हात धरून उठवतो, सगळे थक्क. आणि एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर तो सांगतो काय, तर हिला काहीतरी खायला द्या.

"काय दिलं असेल?" कोणीतरी विचारलं. लिहिलेलं नाही, मी म्हटलं. वर्गात दहा मिनिटं गोंधळ. कोणी म्हणे भाकर, कोणी म्हणे मासे.

तो मुलगा बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "टीचर, तिची शुगर कमी झाली असणार. माझी झाली की आई पटकन गोड देते."

शेजारच्या मुलीने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग आत्ता तुझी किती आहे?"