मैदानातला चेक नको, महिन्याचे पैसे पाठवा

आमच्या तालुक्यातल्या एका टेनिस बॉल टीमनं यंदा ठरवलंय की चषक जिंकला तर बक्षिसाची रक्कम कॅन्सर झालेल्या लेकरांच्या घरच्यांसाठी ठेवायची. लई बरं वाटलं. सरपंच चषक, आमदार चषक, कुणाच्या वाढदिवसाचा चषक... आपल्याकडं हिवाळाभर मोठाली बक्षिसं लागतात अन् त्यातली बरीचशी त्याच रात्री ढाब्यावर संपतात. तेव्हा पोरांचं कौतुक आहेच.

धास्ती वेगळीच आहे. फायनलला त्या लेकराला मैदानात उभं करतील. केस गेलेलं डोकं, तोंडाला मास्क, हातात थर्माकोलचा चेक, मागं पुढाऱ्यांची रांग. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स.

अमेरिकेत बोस्टनला १९४८ मध्ये असाच निधी उभा राहिला. लेकरांच्या कॅन्सरवर उपचार करणारे डॉ. सिडनी फार्बर यांच्याकडं मेन राज्यातल्या शेतकरी घरातला १२ वर्षांचा मुलगा उपचाराला होता. रेडिओवर त्याच्याशी गप्पा चालू असतानाच बोस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल टीमचे खेळाडू त्याच्या खोलीत आले. मॅच बघायला टीव्ही पाहिजे, एवढंच त्याचं मागणं. लोकांनी त्या वर्षी दोन लाख डॉलरच्या वर पैसे पाठवले. पण पोराचं खरं नाव कुणाला सांगितलं नाही. ‘जिमी’ म्हणाले, अन् निधी झाला जिमी फंड. खरं नाव एनार गुस्ताफसन. ते जाहीर झालं १९९८ मध्ये, तोवर हा बाबा ट्रक चालवून, संसार करून साठीपार गेला होता! १९५३ मध्ये ब्रेव्ह्जनं बोस्टन सोडलं तेव्हा रेड सॉक्स टीमनं निधीचं काम उचललं, ते आजही चालू आहे. त्यांचा खेळाडू टेड विल्यम्स आजारी मुलांना भेटायला जायचा अन् पेपरवाल्यांना बजावायचा, छापायचं नाही.

आता पैसे कशाला लागतात ते बघा. उपचाराचा बराच खर्च महात्मा फुले योजनेत बसतो. रेल्वेत स्लीपरला कॅन्सरच्या पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. खरा खर्च परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलसाठी परभणीहून देवगिरी एक्सप्रेस धरून दादरला उतरल्यावर सुरू होतो. गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर खोलीचं भाडं. बापाची मजुरी बुडालेली, धाकटं लेकरू आजीकडं. ऊसतोडीची जोडी असली तर मुकादमाची उचल डोक्यावर.

अन् लेकरांमध्ये जास्त दिसणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचा उपचार दोन-तीन वर्षं चालतो. काही महिन्यांत पोरगं खेळायला लागतं, घरचे म्हणतात, झालं की बरं! अन् फेऱ्या थांबतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. बऱ्याच गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. मधेच सोडलेला उपचार हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

म्हणून माझं म्हणणं, लाख रुपये एकदम देऊ नका. एकदम दिलेली रक्कम सावकाराच्या घरी जाते. एकच घर धरा, महिन्याला ४ हजार, दोन वर्षं. लाखाच्या आतच बसतं. कुठलं घर, हे पुढाऱ्याला विचारू नका, सरकारी दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा.

आणखी एक. किमोनंतर, म्हणजे कॅन्सरच्या औषधांनंतर, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खाली येतात. दात्याच्या प्लेटलेट्स पाचेक दिवसच टिकतात, त्यामुळं प्लेटलेट्स देणारा माणूस सारखा लागतो. आपल्या शेतकऱ्याला परळमध्ये ओळखतंय कोण? पण आपली कितीतरी पोरं मुंबई-ठाण्यात नोकरीला आहेत, धडधाकट आहेत, शनिवारी सुट्टीला मॅच खेळतात. हे काम तर चषक हरला तरी होतं.

रविवारी कमिटीपुढं हे मांडणार आहे. शिव्या बसल्या तर बसू द्या. मुंबईकडं राहणाऱ्यांनी रक्तगट अन् राहायचं ठिकाण तेवढं खाली लिहा. मोबाईल नंबर इथं टाकू नका, मी इनबॉक्सात मागून घेतो.