बॅटरीची दांडी नको, रेंजची दांडी बघा

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. बॅटरीची शेवटची दांडी उरली की कॉल घेऊ नका, तेव्हा रेडिएशन हजारपट होतं. *#07# डायल करून एसएआर बघा, आकडा जितका कमी तितका फोन सुरक्षित. आणि फोनच्या मागे अँटी-रेडिएशन स्टिकर लावा. तो वाचून माझ्या मावशीने स्टिकर तर आणलंच, वर चांगला चाललेला फोन बदलायचंही ठरवलं. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी ते हजारपट. 4जी फोन जास्तीत जास्त 0.2 वॅटच्या आसपास शक्तीने लहरी सोडतो. त्याच्या हजारपट म्हणजे 200 वॅट. 5000 एमएएचच्या बॅटरीत पूर्ण भरल्यावर साधारण 19 वॅट-तास ऊर्जा असते, शेवटच्या दहा टक्क्यांत 1.9. 200 वॅटच्या हिशेबाने ती 35 सेकंदांत संपेल. शेवटच्या दांडीवर आपण सगळेच पाच-दहा मिनिटं बोललेलो आहोत.

हजारपटीचा फरक पडतो, पण तो रेंजमुळे. टॉवर फोनला सतत सांगत असतो, जोर वाढव, जोर कमी कर. 3जीमध्ये ही सूचना सेकंदाला 1500 वेळा जायची. टॉवर जवळ आणि मोकळा असेल तर फोन कमाल शक्तीच्या हजाराव्या भागावरही काम भागवतो. तोच फोन लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा कसारा घाटात पूर्ण जोर लावतो. मेसेज लिहिणाऱ्याने दांडी चुकीची पकडली आहे.

आता एसएआर, म्हणजे लहरींतली किती शक्ती शरीर शोषतं, दर किलोमागे वॅटमध्ये. हा आकडा कुठून येतो ते पाहिलं की त्याची भीती जाते. प्रयोगशाळेत माणसाच्या डोक्याच्या आकाराचा पोकळ साचा असतो, त्यात मेंदूसारखे विद्युत गुणधर्म असलेलं द्रव भरलेलं. साच्याला बाहेरून गालापाशी फोन चिकटवतात, त्याला कमाल शक्तीवर अडकवून ठेवतात आणि यंत्राचा हात द्रवात एक बारीक सळई फिरवत जागोजागी विद्युत क्षेत्र मोजतो. सगळ्यात जास्त शोषण जिथे सापडतं, त्या एक ग्रॅमची सरासरी म्हणजे आपल्या स्क्रीनवरचा आकडा. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून त्याची मर्यादा 1.6 आहे. युरोपात 2 आहे, पण दहा ग्रॅमवर, त्यामुळे तिकडचा आकडा आणून इकडच्याशी ताडून पाहता येत नाही.

म्हणजे हा आकडा वाईटात वाईट परिस्थितीचा. रोज तुमच्या कानाशी किती पडतं, ते त्यात नाही. 0.6 चा फोन जेमतेम रेंजच्या खोलीत, चांगल्या रेंजमधल्या 1.2 च्या फोनपेक्षा जास्त शक्ती सोडत बसू शकतो. मर्यादेला अर्थ नाही असं मात्र कुणी म्हणू नये. 2023 मध्ये फ्रान्सच्या यंत्रणेने आयफोन 12 तपासला, हातात धरल्यावरचा आकडा (तिथे हातापायांसाठी मर्यादा 2 नाही, 4 आहे) 5.74 निघाला, आणि तिथली विक्री थांबली. अ‍ॅपलला सॉफ्टवेअर दुरुस्त करावं लागलं.

स्टिकरबद्दल थोडक्यात: ते काहीच अडवत नसेल तर पैसे वाया. अँटेना अडवत असेल तर त्याहून वाईट, कारण टॉवरपर्यंत पोचायला फोन आणखी जोर लावणार.

कॅन्सरचं नाव काढून हे मेसेज घाबरवतात. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना ‘शक्यता आहे’ या गटात टाकलं, ‘सिद्ध झालं’ या नव्हे. त्याच संघटनेने करवून घेतलेल्या, 2024 मध्ये आलेल्या आढाव्यात मोबाइल वापराचा मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही.

मावशीच्या फोनचा आकडा 1.1 निघाला. तिचं घर तळमजल्यावर, स्वयंपाकघरात रेंजची जेमतेम एक दांडी, आणि तिथेच ओट्यापाशी उभी राहून ती लेकीशी तासभर बोलते. आम्ही स्टिकर सोलून काढलं, तारेचे इअरफोन लावून दिले आणि खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली. तिथे चार दांड्या येतात.