हरलास की, मामा!

जुलैत कोल्हापूरकर एकमेकांना 'जेवलास का' असं विचारत नाहीत, 'किती फूट?' विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथल्या माणसाला स्वतःच्या रक्तदाबापेक्षा पक्के पाठ असतात. त्या दिवशी पाणी चाळिसाच्या वर सरकलं होतं. बालवाडीला सुट्टी होती, बहिणीच्या बँकेला नव्हती. साडेनऊला तिनं रेनकोटात गुंडाळलेली दोन गाठोडी आमच्या दारात उभी केली आणि जिना उतरता उतरता म्हणाली, "दादा, तेवढं बघ जरा. गुणाची हाईत."

थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी तीनची. साडेदहाला लाईट गेली. अकराला माझ्या मोबाईलनं मान टाकली. टीव्ही गप, बाहेर नुसती धार. थोरल्यानं हातात स्केचपेन घेऊन हॉलच्या भिंतीकडं असं काही बघितलं, की मी घाईघाईनं बोलून गेलो, "चला, कोडी घालूया!"

"हुमाण घालतोस व्हय?" आई आतून म्हणाली. "घाल, घाल." त्या दोन 'घाल'मधला आनंद कशाचा होता, ते मला दुपारनंतर कळलं.

सुरुवात सोपी ठेवली. "चार पाय, एक शेपूट, दूध देते. ओळखा!"

"म्हैस!"

माझ्या मनात गाय होती. पण ज्या गावात माणसं गंगावेशीत उभी राहून समोर पिळलेलं धारोष्ण दूध पितात, तिथं या कोड्याचं उत्तर म्हैसच. पोरगं हुशार आहे असं वाटून मी थेट आजीच्या काळातलं भांडार उघडलं. ही पहिली चूक.

"सुपभर लाह्या, त्यात एक रुपया."

"कसलं सूप?" थोरल्यानं विचारलं. "टोमॅटोचं?"

"नाही रे. धान्य पाखडायचं. बांबूचं असतं."

"बांबूचं सूप?" त्यानं तोंड वाकडं केलं. धाकटीनं त्याचं बघून आणखी वाकडं केलं.

दाखवल्याशिवाय कळणार नाही म्हणून मी घरभर सूप शोधलं. मिळालं नाही. लाह्या नागपंचमीशिवाय आमच्याकडं येत नाहीत. रुपया तेवढा सापडला, तो धाकटीनं तोंडात टाकला. तिच्या गालातून रुपया बाहेर काढेपर्यंत माझा शर्ट आतून भिजला. शेवटी मीच उत्तर फोडलं, "अरे, लाह्या म्हणजे चांदण्या आणि रुपया म्हणजे चंद्र." थोरला खिडकीशी गेला. पंधरा दिवस न फाटलेल्या आभाळाकडं नीट बघून परत आला आणि म्हणाला, "खोटं."

मग नारळाचं. "कोकणातून आला भट, धर की आपट." यावर पूर्वी आम्ही खो खो हसायचो. धाकटीचा खालचा ओठ पुढं आला.

"का आपटला?"

"अगं, भट म्हणजे नारळ."

"त्याला लागलं?"

"नारळाला लागत नाही गं."

"मग भट कुठं गेला?"

याला उत्तर नव्हतं. आईनं खोबऱ्याचा तुकडा आणून तिच्या हातावर ठेवला. डोळे पुसत तिनं तो चावून चावून खाल्ला आणि सांगितलं, "भट गोड हाय."

'पाटीलबुवा राम राम, दाढीमिशी लांब लांब' हे मक्याच्या कणसाचं कोडं मी घालायलाच नको होतं. आमच्या इमारतीत तीन पाटील आहेत, पैकी दोघांना झुपकेदार मिशा. कोडं पुरं व्हायच्या आत थोरला दोन मजले उतरून खालच्या पाटीलकाकांना राम राम घालून, दाढी का नाही असं विचारून आला होता.

यानंतर त्यांची पाळी. राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की आपोआप उघडतात, कुणाला बटण दाबावं लागत नाही. आमच्या घरात तसे दोनच होते, पण विसर्ग जास्त.

"ओळख," थोरला म्हणाला, आणि थांबला.

"काय ओळखू? काहीतरी सांग की."

"लाल हाय."

"टोमॅटो."

"न्हाई."

"सफरचंद. एसटी. कुंकू. मिरची. गॅसची टाकी." मी एकेक लाल वस्तू मांडत गेलो, तो एकेक 'न्हाई' मारत गेला. अग्निशमन दलाच्या बंबापर्यंत आलो तेव्हा त्यानं माझी कीव करून सांगितलं, "हरलास की, मामा! हत्ती."

"हत्ती लाल असतो होय रे?"

"माझा लाल हाय."

धाकटीचा प्रकार उलटा. ती उत्तर आधी द्यायची. "मामा, ओळख. मांजर!" म्हणजे झालं. पण तेवढ्यावर सुटका नाही. आपण कपाळाला हात लावायचा, डोळे मोठे करायचे, 'काय असेल बरं?' म्हणायचं, आणि मग 'मांजर!' असं ओरडून थक्क व्हायचं. अकरा वेळा थक्क झालो. बाराव्या वेळी जरा कमी थक्क झालो तर तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून नीट केला. आणि कोडं आपण घातलं, तर मघाचं उत्तर तिच्या तोंडात तयारच. देवापुढं काय फोडतात? मांजर.

यामागं शास्त्र आहे. विमर आणि पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी ऑस्ट्रियात १९८३ साली लहान पोरांना एक गोष्ट सांगून बघितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, मागं आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठं शोधेल? तीन वर्षांची बहुतेक पोरं बिनधास्त सांगतात, दुसऱ्या कपाटात. आपल्याला ठाऊक आहे म्हणजे त्यालाही ठाऊक असणारच. धाकटी उत्तर आधी का देते, ते मला इथं उमजलं. तिच्या डोक्यातलं मांजर मला दिसतंच आहे, मग लपवायचं कशाला! पुढं चार-पाच वर्षांच्या आसपास पोरांच्या ध्यानात येतं, की आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्याला ठाऊक नसतं. हा बुद्धीच्या वाढीतला फार मोठा टप्पा असतो म्हणे. घरातल्या बाकीच्यांचं त्यात काय होतं, यावर कुणी प्रयोग केलेला दिसत नाही.

जेवणाआधी मी हुकमी पत्ता काढला. माझी कापशी चप्पल. मृग लागला की ती पायातून निघते आणि कपाटावर जाते. पण पावसाळी हवेत कातड्याला बुरा चढतो, म्हणून सकाळीच खाली काढून, पुसून, तेल पाजून बाल्कनीच्या दाराशी वर्तमानपत्रावर ठेवली होती. मी ती पायात घालून हॉलभर फिरलो. कर्र, कर्र, कर्र. "ओळखा, आवाज कोण करतंय?"

दोघंही जमिनीवर पालथी पडून चपलेला कान लावून बसली.

"आत विंचू आहे," मी म्हणालो. करकर वाजावी म्हणून तळाच्या कातड्यांमध्ये जी बी घालतात, तिला विंचू म्हणतात. हे पुढचं वाक्य मी बोलणारच होतो. तेवढ्यात आईनं ताटं वाढल्याची हाक मारली, आणि ते राहिलं.

आमटी-भात झाल्यावर माझा जरा डोळा लागला. पंधरा मिनिटं असतील. जागा झालो तर दोघंही उशाशी उभी, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. खिडकीत हात बाहेर काढून खेळली असतील असं धरून मी फार चौकशी केली नाही.

"मामा, कोडं घालू?" थोरला म्हणाला. "दोन भाऊ हाईत. पोटात किडा हाय. चालले की भांडत्यात. आता आंघोळीला गेल्यात, म्हणून गप हाईत. ओळख."

मी उठून बसलो. खरं सांगतो, अंगावर काटा आला. सकाळी लाल हत्ती घालणारं पोरगं दुपारी असलं बांधेसूद कोडं घालतंय! खुणा आहेत, गुंता आहे, शेवटी झटका आहे. मी आईला हाक मारून परत म्हणायला लावलं. आईनं 'माझ्या आईवर गेलाय' असं सांगून श्रेय माहेरी नेलं.

"चप्पल," धाकटी म्हणाली.

"थांब गं. मामाला विचार करू दे." मी डोळे मिटले. "बेडूक?"

"न्हाई."

"चप्पल," धाकटी.

"शू! पोटात किडा... दोन भाऊ... बोरं? आंबे?"

"आंबे भांडत्यात व्हय?"

"चप्पल, चप्पल, चप्पल!"

"अगं, तू सगळ्यालाच काहीतरी एक उत्तर देतेस. जा, आजीकडं खोबरं माग जा." मी आणखी दहा मिनिटं झुंजलो. घड्याळाचे काटे, बैलजोडी, टाळ, असं करत करत शेवटी हात टेकले. "हरलो. सांग."

त्यानं माझं बोट धरलं आणि मला न्हाणीघरात नेलं. लाईट जाणार म्हणून आईनं सकाळी भरून ठेवलेली मोठी बादली कडेपर्यंत भरलेली होती. तळाशी दोघं भाऊ शेजारी शेजारी, शांत. वर तेलाचे गोल तवंग.

"विंचवाला तहान लागलेली," थोरल्यानं सांगितलं.

धाकटी बादलीच्या काठाला धरून उभी होती. तिनं आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"मामा, ओळख. चप्पल!"

या वेळी तिला माझा चेहरा धरून नीट करावा लागला नाही.