पाय गेला, पण सही करू नको

गोव्यात फोंड्याला तिस्कावर चहाच्या गाड्याशेजारच्या पायरीवर आम्ही चार-पाच जण रोज संध्याकाळी बसतो. परवा आमचा एक दोस्त आठ महिन्यांनी पहिल्यांदा आला. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला नको आहे. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंग मशीनवर तो अकरा वर्षं ऑपरेटर होता, कायम नोकरीत. दुसरी पाळी सुटून घरी येताना ट्रकने त्याच्या मोटरसायकलला ठोकलं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

नवा पाय बसवून तो कामावर हजर झाला, तर ऑफिसातून टाइप केलेला कागद पुढ्यात आला : 'मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.' सही केलीस तर तीन लाख देऊ, हे मात्र फक्त तोंडी. आठ दिवसांची मुदत. त्यातले चार संपले होते.

"घे आणि मोकळा हो," नाना म्हणाले. नानांचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, चौदा माणसं कामाला. माणूस वाईट नाही. "आठ तास उभं राहायचं काम आहे बाबा. मालकाने काय करावं? उद्या मशीनजवळ पडलास तर परत त्याच्याच गळ्यात."

आमच्यातला वकील उसळला. "सही केलीस की सगळं संपलं. त्यांनी काढलं तर भांडता येतं. तू आपणहून गेलास, असं कागदावर आलं की आधी तो राजीनामा खोटा होता हे सिद्ध करण्यातच तुझी वर्षं जातील. म्हणून तर ते काढत नाहीत, लिहून मागतात."

मास्तरांना आठवत होतं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलंय, नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही. आठवण बरोबर, पण अर्धी. ते कलम २०, आणि ते फक्त सरकारी आस्थापनांना लागू. तिथे माणसाला जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या जागी न्यायचं, जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. १९९५ च्या जुन्या कायद्यातही हे होतं, आणि त्याच आधारावर २००३ साली सुप्रीम कोर्टाने पाय गमावलेल्या एका कॉन्स्टेबलला नोकरीत ठेवायला लावलं होतं.

"म्हणजे माझा पाय गेला तर मी ऑफिसात बसणार," आमच्यातला कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, ड्रायव्हर हळूच म्हणाला, "आणि ह्याचा गेला तर हा घरी."

कोणी काही बोललं नाही. रस्ता तोच, रात्र तीच, पाय तोच. एकाचा पगार सरकारी तिजोरीतून येतो आणि दुसऱ्याचा येत नाही, एवढ्यावर कायद्याने त्यांना वेगळं करावं, हे मला मान्य नाही. कलम २० मध्ये 'सरकारी' हा शब्द घालणाऱ्यांनी ह्याच्यासारख्या लाखोंना दाराबाहेर ठेवलं.

मग खासगीत काहीच नाही का? आहे, पण विखुरलेलं. कलम ३ म्हणतं, अपंगत्वामुळे कोणाशीही भेदभाव नको. मात्र वाजवी उद्दिष्टासाठीचा तो प्रमाणशीर उपाय असेल तर चालतो, अशी पळवाट सोबत आहे. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खासगीनेसुद्धा, समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. कायदा मोडला तर पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. ते चौकशी करून शिफारस करतात. आणि ह्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, हाही गैरसमज. ती अट आरक्षणाची. (दाखला काढून ठेवावाच, ते वेगळं.)

नानांनी मग वर्मावर बोट ठेवलं. "कामगार कायद्यातच आहे ना, सततच्या आजारपणामुळे काढलं तर ती कपात, म्हणजे नोटीस आणि भरपाई देऊन करायची नोकरकपात, धरत नाहीत?"

आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही राहिलंय. वकिलाने तर नानांच्या बाजूचा निकालही सांगून टाकला : १९९१ साली राजस्थानच्या बस ड्रायव्हरांची नजर अधू झाली, तेव्हा सुप्रीम कोर्टाने तेही आजारपणातच धरलं. "पण नाना, त्याच निकालात कोर्टाने म्हटलं की त्यांना नुसतं घरी पाठवणं अन्यायाचं आहे. दुसरं काम द्या, नाहीतर नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने जादा भरपाई द्या. आणि हा आजारी कुठे आहे? जखम भरलीय. चालत आलाय इथवर."

तेवढ्यात मास्तरांनी पगार विचारला. एकोणीस हजार. म्हणजे ईएसआयच्या, कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या, एकवीस हजारांच्या मर्यादेत. वकिलाने कपाळावर हात मारला. कामावर जाता-येता झालेला अपघात, त्याचा नोकरीशी संबंध दाखवता आला, तर २०१० च्या दुरुस्तीपासून ईएसआयमध्ये कामावरचाच अपघात धरतात. बरा होईपर्यंत पगाराच्या नव्वद टक्के, पुढे मेडिकल बोर्ड ठरवेल त्या प्रमाणात जन्मभर रक्कम. आठ महिन्यांत ऑफिसातून हे त्याला एकानेही सांगितलं नव्हतं. अपघाताचा अहवालसुद्धा कोणी पाठवला नव्हता. बायकोच्या बांगड्या गहाण टाकून तो बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलच्या फेऱ्या मारत होता, आणि दर महिन्याला त्याच्याच पगारातून कापलेल्या पैशाचा हक्क तसाच पडून होता. हे ऐकून माझा चहा घशाखाली उतरेना.

वकिलाने वही मागितली. राजीनामा देणार नाही, बसून करता येईल असं काम द्या, असं पत्र लिहायचं आणि पोच घ्यायची. 'कोणतं काम?' इथे त्याचं पेन अडकलं. आम्ही सगळे नानांकडे बघायला लागलो, कारखान्यातलं त्यांनाच कळतं म्हणून.

तेव्हा इतका वेळ गप्प असलेला आमचा दोस्त बोलला. "वजनकाट्याचा स्क्रीन बसूनच बघायचा असतो. लेबलवर बॅच नंबर तपासणं. स्टोअरमधली एंट्री. सॅम्पलचं रजिस्टर. नव्या पोरांना मशीन लावायला शिकवणं, ते तर आजही मीच फोनवर शिकवतो."

"हे त्यांना सांगितलंस?" नानांनी विचारलं.

"विचारलं कुठे कोणी?"

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग वकिलाला म्हणाले, "स्टोअरचं पहिलं लिही. मालकाला ते लवकर पटतं."