खातं कोणी थांबवलं, एवढं आधी विचारा

बडोद्यात कुणाचं खातं बँकेने अचानक बंद केलं की दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'परदेशात असं चालेल का?' ब्रिटनमध्ये राहून उत्तर द्यायचं तर, चालतं. आणि कारण सांगायचं नाही हे इथे पुष्कळदा कायद्यानेच ठरवून दिलेलं असतं.

या वादात 2023 चं फराज प्रकरण पुराव्यादाखल पुढे केलं जातं. नायजेल फराज या राजकारण्याचं खातं कूट्स बँकेने बंद केलं, गदारोळ झाला आणि कूट्स ज्या समूहात येते त्या नॅटवेस्टच्या प्रमुख ॲलिसन रोज यांना पद सोडावं लागलं. तिकडे ग्राहकाची कदर आहे, असा अर्थ आपल्याकडे लावला गेला. पण रोज गेल्या त्या ग्राहकाच्या खात्याविषयी बीबीसीच्या पत्रकाराशी बोलल्या म्हणून. खातं बंद करण्याबद्दल त्यांना कुणी घरी पाठवलं नव्हतं. फराज यांना आतली गोष्ट कळली तीही बँकेच्या कृपेने नव्हे. डेटा संरक्षण कायद्याखाली त्यांनी स्वतःविषयीची माहिती मागवली, तेव्हा सुमारे 40 पानांचं बाड हाती लागलं.

साध्या खातेदाराला इथे 2017 च्या नियमांप्रमाणे दोन महिन्यांची नोटीस मिळते. 28 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या करारांसाठी ती 90 दिवसांची केली आहे आणि नेमकं कारण देणंही बंधनकारक केलं आहे. मेख पुढेच आहे. गुन्ह्याचा संशय असेल तिथे हे दोन्ही लागू नाही. बँक नॅशनल क्राइम एजन्सीला अहवाल पाठवते आणि 2002 च्या कायद्याप्रमाणे ते ग्राहकाच्या कानावर घालणं हाच गुन्हा ठरतो. एजन्सीकडे उत्तरासाठी कामकाजाचे 7 दिवस असतात. तिने व्यवहाराला परवानगी नाकारली तर आणखी 31 दिवस व्यवहार अडकतो आणि न्यायालय ही मुदत वाढवू शकतं. तोवर फोनवरची व्यक्ती 'रिव्ह्यू चालू आहे' एवढंच म्हणत राहते. तिच्यावर ओरडून काही निघत नाही, बहुधा तिलाही ठाऊक नसतं.

नोटीस मिळाली असेल तर पहिल्याच आठवड्यात दुसरीकडे खातं उघडून करंट अकाउंट स्विच सेवेने व्यवहार हलवावेत. 7 कामकाजी दिवसांत डायरेक्ट डेबिट आणि पगार नव्या खात्याकडे वळतात. जुनं खातं एकदा बंद झालं की ही सोय मिळत नाही आणि मग विजेचं बिल, घरभाडं, कौन्सिल टॅक्स एकेक करून परत फिरू लागतात. तक्रार लेखी करावी. बँकेकडे 8 आठवडे असतात. तिच्या अंतिम उत्तरानंतर 6 महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे इथल्या आर्थिक लोकपालाकडे, जाता येतं. त्याच दिवशी स्वतःच्या माहितीची मागणीही करावी, उत्तर साधारण महिन्याभरात येतं. संशयाचा भाग बँक त्यातून वगळू शकते, तरी उरलेल्या कागदांवरून अंदाज येतो. फसवणुकीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिफास या संस्थेकडेही आपल्या नावाची नोंद तपासून घ्यावी. खात्याच्या गैरवापराची खूण तिथे 6 वर्षांपर्यंत राहते आणि तोवर नवं खातं उघडताना दारं आपटत राहतात.

अशी खूण आपल्या मुलांना कशी लागते, हे बडोद्यातल्या आईबाबांनी नीट समजून घ्यावं. एमएस युनिव्हर्सिटीतून पदवी घेऊन मुलगा इथे मास्टर्सला येतो. कुणीतरी ओळखीतला म्हणतो, 'पाउंड मी तुला इकडे देतो, रुपये तुझ्या बाबांनी माझ्या माणसाला तिकडे द्यावेत. रेट चांगला, चार्ज नाही.' घरच्यांना ही आपसातली मदत वाटते. भारतातल्या परकीय चलन कायद्याला ती मान्य नाही, हा एक भाग. दुसरा भाग जास्त महागात पडतो. मुलाच्या खात्यात येणारे पाउंड त्या ओळखीच्या माणसाच्या खात्यातून येतच नाहीत. ते अनोळखी नावाने येतात आणि त्यातले काही कुणा म्हाताऱ्या माणसाला फसवून काढलेले असू शकतात. फसलेल्याची बँक पैशाचा माग काढते आणि माग मुलाच्या खात्यावर येऊन थांबतो. खातं बंद, सिफासवर खूण. 'मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करायला त्याच्याजवळ व्हॉट्सॲपवरच्या दोन संदेशांपलीकडे काही नसतं. फी आणि खर्चाचे पैसे बँकेतून, पालकांच्या नावाने, कागद ठेवून पाठवावेत. थोडं कमिशन जातं, जाऊ द्यावं.

आता बडोदं. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल गुप्त ठेवायचं बंधन भारतातही आहे, 2002 च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली. पण गावी ज्याला सरसकट 'खातं बंद केलं' म्हणतात, ते पुष्कळदा इतकं गूढ नसतं. केवायसी थकलेलं असतं. कमी जोखमीच्या ग्राहकाला ते 10 वर्षांनी, मध्यमला 8 आणि जास्त जोखमीच्याला 2 वर्षांनी नवं करावं लागतं. 2025 च्या सुधारणेप्रमाणे बँकेने मुदतीआधी किमान तीन सूचना द्यायच्या आहेत, त्यातली एक पत्राने. ते पत्र रावपुऱ्यातल्या कुलूप लावलेल्या घरी पडतं, आणि मुलगा टोरंटोहून म्हणतो, बँकेने कळवलंच नाही! किंवा 2 वर्षं खातेदाराने स्वतः एकही व्यवहार केलेला नसतो आणि खातं निष्क्रिय झालेलं असतं. ते पुन्हा चालू करायला बँक पैसे आकारू शकत नाही. किंवा अनिवासी झाल्यावरही साधं बचत खातं तसंच वापरलेलं असतं. ते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयातलं खातं, करून घेणं आपलंच काम आहे.

खरा अन्याय चौथ्या प्रकारात होतो. सेव-उसळच्या गाडीवर कुणी यूपीआयने दोनशे रुपये देतो. ते पैसे तीन-चार खाती फिरून आलेले, मूळचे सायबर फसवणुकीचे. फसलेला माणूस 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैशाची साखळी काढली जाते आणि दुसऱ्याच राज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून गाडीवाल्याचं अख्खं खातं गोठतं. यात त्याच्या बँकेला त्याच्याविषयी काहीच म्हणायचं नसतं. म्हणून शाखेत 'कारण सांगा' म्हणत बसण्यापेक्षा विचारावं: हे बँकेने केलं की पोलिसांनी? पोलिसांनी केलं असेल तर तक्रारीचा पावती क्रमांक, पोलीस ठाणं, वादातली रक्कम, आणि होल्ड फक्त तेवढ्या रकमेवर आहे की पूर्ण खात्यावर? पहिला लीन, दुसरा फ्रीझ. ही उत्तरं ईमेलवर घ्यावीत, तोंडी नकोत. मग त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला व्यवहाराचा यूपीआय क्रमांक, स्टेटमेंट, बिल असेल तर बिल आणि ओळखपत्र पाठवून वादातली रक्कम सोडून बाकीचं खातं मोकळं करण्याची लेखी विनंती करावी.

या विनंतीला आधार आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच प्रकरणांत होल्ड वादातल्या रकमेपुरताच ठेवायला सांगितलं होतं. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 प्रमाणे जप्तीची खबर पोलिसांनी विनाविलंब दंडाधिकाऱ्यांना द्यायची असते. ती दिली का, हेही अर्जात विचारावं.

माझ्या मते गावच्या चर्चेने ब्रिटनकडून कारणांचा हट्ट उचलू नये. गुन्ह्याचा संशय आला की ती इथेही मिळत नाहीत. उचलायची तर ठरलेली नोटीस उचलावी आणि स्वतःची माहिती मागवण्याचा हक्क. भारतात त्या हक्काचा कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण प्रत्यक्ष हक्क त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार. तोवर सरकारी बँकेत खातं असेल तर 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर स्वतःच्या खात्याविषयी विचारता येतं, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तपास बिघडेल असा भाग ते नाकारू शकतात. खासगी बँकेला हा मार्ग लागत नाही. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार होते. मात्र पोलिसांच्या आदेशावर लोकपालाचा हात चालत नाही, तिथे दंडाधिकारी किंवा उच्च न्यायालय.

बडोद्यात एकटे राहणाऱ्या आईबाबांचं पेन्शन, औषधं, गॅस, सगळं एकाच खात्यावर चालत असेल तर दुसऱ्या बँकेत दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळी ठेवावी आणि दुकान असेल तर त्याचं यूपीआय या राखीव खात्याला जोडू नये. परदेशातल्या मुलाचं नाव त्यांच्या खात्यावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कुणीही खातं चालवू शकेल असं, लावता येतं. पण त्याने व्यवहार करायचे ते आईबाबांसाठीच, स्वतःचे पैसे फिरवायला नव्हे.