ठोक्यांची गोळी बदलून मिळेल का? खानापूरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा राग निम्मा तरी रास्त आहे. ठोके कमी करणारी मेटोप्रोलॉल ५० (मिलिग्रॅम) सुरू झाल्यापासून आईंचे हातपाय गार पडतात, जिना चढताना त्राण राहत नाही, रात्री भलभलती स्वप्नं पडतात. तीन दिवस गोळी बंद ठेवली तर बरं वाटलं. दुकानदार म्हणतो, इव्हाब्रॅडिन घ्या, त्यात असलं काही नाही. आणि आम्ही मागच्या उत्तरात नुसतं ‘डॉक्टरांना विचारा’ लिहून मोकळे झालो, ही तुमची तक्रार.

आधी त्या तीन दिवसांबद्दल. ही गोळी एकदम सोडली की दाबून ठेवलेले ठोके उसळतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असेल तर छातीत दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. सोडायचीच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत आणतात. अजून बंदच असेल तर आजच फोन करा.

आता इव्हाब्रॅडिन. दुकानदार अगदीच चुकीचं सांगत नाही: तिने बीपी उतरत नाही, दम्याचा त्रास वाढत नाही. पण ठोके जिथून सुरू होतात त्या सायनस नोडवरच ती काम करते. ईसीजीवर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून येणारे अनियमित ठोके) लिहिलं असेल तर उपयोग शून्य. शिवाय उजेड एकदम बदलला की डोळ्यांपुढे लखलखतं. रात्री गाडी चालवणाऱ्याला हे आधी सांगायला हवं. डिल्टियाझेम या ठोके कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाबरोबर ती चालत नाही.

म्हणून फाईल काढा आणि गोळी कशासाठी दिली ते बघा. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर डिल्टियाझेम आणि त्याच जातीचं व्हेरापामिल बाद. तिथे मेटोप्रोलॉलच्याच जातीच्या बायसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलकडे वळता येतं. पंपिंग चांगलं आणि ठोके अनियमित असतील तर डिल्टियाझेम चालतं, फक्त घोटे सुजू शकतात. ठोके उतरवणारं डिगॉक्सिन द्यायचं तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी तपासावं लागतं; त्यावर मळमळ होऊ लागली किंवा पिवळसर दिसू लागलं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच दाखवायचं. नुसत्या बीपीसाठी असेल तर पर्याय भरपूर.

स्वप्नांचं कारण: मेटोप्रोलॉल मेंदूत सहज शिरतं. अ‍ॅटेनोलॉल कमी शिरतं, पण ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणजे पुन्हा क्रिएटिनिन. गार हातांसाठी नेबिव्होलॉल विचारून बघण्यासारखं आहे, ते रक्तवाहिन्या सैल करतं. कित्येकदा मात्र गोळी तीच ठेवून ५० चे २५ केले तरी भागतं.

एक गोष्ट आजच बघा. चिठ्ठी मिरजेची आणि गोळ्या खानापुरातल्या, असं असलं की ब्रँड बदलतो. स्ट्रिपवर मेटोप्रोलॉलपुढे ‘सक्सिनेट’ आहे की ‘टार्ट्रेट’? सक्सिनेट दिवसभर हळूहळू सुटतं. खाचेवर मोडलं तर चालतं, कुटून किंवा चावून नाही. टार्ट्रेट सहसा दोन वेळा लागतं. ते एकदाच घेतलं तर संध्याकाळी धडधड परत येते, आणि दोष भलत्याच औषधावर जातो.

जाताना सात दिवसांची नोंद न्या. सकाळी गोळी आणि चहा दोन्हीच्या आधी, पाच मिनिटं बसून, मनगटावर पूर्ण ६० सेकंद ठोके मोजायचे; १५ सेकंद मोजून चारने गुणणं अनियमित ठोक्यांत फसवतं. संध्याकाळी पुन्हा. शेजारी बीपी लिहा. ठोके ५० च्या खाली येऊन चक्कर आली तर सात दिवस थांबू नका. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन झालं नसेल तर तेही विचारा. थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत असलं किंवा रक्त कमी असलं तरी ठोके पळतात, आणि मग गोळी कुठलीही दिली तरी मूळ दुखणं तसंच राहतं.