लिनक्ससाठी ‘डोळे झाकून एएमडी’? आधी डिस्ट्रोची तारीख बघा

लिनक्सवर कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: “डोळे झाकून एएमडी घे. ड्रायव्हर टाकावा लागत नाही, सगळं ओपन सोर्स आहे, नवं-जुनं कुठलंही कार्ड चालतं. एनव्हिडिया घेतलंस तर अपडेटनंतर काळा स्क्रीन ठरलेला.” यात तथ्य आहे, म्हणूनच हा सल्ला इतका टिकलाय. पण कार्ड किती नवं आणि डिस्ट्रो (म्हणजे डेबियन, उबुंटूसारखं तयार लिनक्स) किती जुनी, हे त्यात कुठेच येत नाही. आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

“ड्रायव्हर टाकावा लागत नाही.”

लागत नाही, कारण तो आधीच आलेला असतो. एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात), चित्र काढून घेणारं मेसा हे सॉफ्टवेअर डिस्ट्रोबरोबर आणि फर्मवेअर, म्हणजे खुद्द कार्डावर चालणारं सॉफ्टवेअर, वेगळ्या पॅकेजात. या तिघांनाही तुमचं कार्ड ओळखता आलं पाहिजे. एएमडीचं आरएक्स ९०७० मार्च २०२५ मध्ये बाजारात आलं. त्याला कर्नल ६.१२ किंवा पुढचा आणि मेसा २५.० लागतं. डेबियन १२ मध्ये आहे कर्नल ६.१ आणि मेसा २२.३. अशा मशीनवर हे कार्ड लावलं तर डेस्कटॉप दिसतो, पण कमी रिझोल्यूशनमध्ये, आणि खिडकी सरकवली तरी प्रोसेसर धापा टाकतो. सेटिंग्जमधल्या सिस्टमच्या माहितीत ग्राफिक्ससमोर कार्डाच्या नावाऐवजी ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, की समजायचं: चित्र प्रोसेसर काढतोय, कार्ड नुसतं बसून आहे.

इथे बरेच जण फक्त कर्नल नवा टाकतात. मेसा जुनंच राहतं आणि ‘एलएलव्हीएमपाइप’ही तसंच. कधी दोन्ही नवे असतात आणि फर्मवेअर मागे पडलेलं असतं. मग ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) फर्मवेअर लोड झालं नाही, एरर -२, अशी ओळ येते. -२ म्हणजे फाइल सापडली नाही, कार्ड बिघडलेलं नाही. ते परत करायला दुकानात धावू नका. सरळ उपाय म्हणजे डेबियन १३: कर्नल ६.१२, मेसा २५.०.

उलट ऑक्टोबर २०२१ मधलं आरएक्स ६६०० त्याच डेबियन १२ वर पहिल्या बूटपासून चालतं. आमचा हिशेब साधा आहे: डिस्ट्रोची आवृत्ती निघण्याआधी निदान सहा महिने बाजारात असलेलं कार्ड घ्या. रोलिंग डिस्ट्रो (ठरावीक आवृत्त्यांऐवजी सतत अपडेट होणारी) वापरत असाल तर ही अट बरीच सैल होते.

“सगळं ओपन सोर्स.”

फर्मवेअरचा सोर्स खुला नाहीच. आणि ओपन असण्याची किंमत एका ठिकाणी रोख मोजावी लागली: एचडीएमआय २.१ चं एएमडीने तयार केलेलं ओपन सोर्स काम एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारलं. फोर-के १२० हर्ट्झच्या टीव्हीला एचडीएमआय २.१ लागतं, तो जोडायचा असेल तर हे आधी तपासा. मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्टची केबल लावा, प्रश्नच मिटला.

“कुठलंही एएमडी.”

कुठलंही नाही. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी यांत हार्डवेअर एन्कोडर (व्हिडिओ रेकॉर्ड करताना तो दाबून छोटा करणारा भाग) नाही आणि एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचं डीकोडही नाही. ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर स्क्रीन रेकॉर्ड केला की सगळा भार प्रोसेसरवर. शिवाय दोन्ही कार्डं बोर्डाशी बोलायला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन वापरतात, म्हणजे ३.० च्या जुन्या बोर्डवर आणखी मंद. कूडावर (एनव्हिडियाच्याच कार्डांसाठीच्या गणनेच्या सॉफ्टवेअरवर) चालणारं काम करायचं असेल तर एएमडीचा विचार सोडाच.

“एनव्हिडिया म्हणजे काळा स्क्रीन.”

लिनक्सचा जनक लायनस टॉरवाल्ड्सने एनव्हिडियाला मधलं बोट दाखवल्याची क्लिप अजून पुरावा म्हणून फिरते. ती २०१२ ची आहे. २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूल खुले केले, २०२४ च्या ५५५ ड्रायव्हरमध्ये एक्सप्लिसिट सिंक (फ्रेम पूर्ण झाल्यावरच दाखवायची सोय) आलं आणि वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीवरची लुकलुक बरीच थांबली. काळा स्क्रीन आजही येतो, पण त्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, कर्नल अपडेट झाला पण हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नव्हते, म्हणून दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या डीकेएमएसला मॉड्यूल बांधता आलं नाही. डेबियनवर ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे पॅकेज टाकलेलं असलं की कर्नलबरोबर हेडर्सही येतात. (नावातल्या एएमडीने दचकू नका, इंटेलच्या प्रोसेसरलाही तेच.) दुसरं, सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं मॉड्यूल न चालू देणारी सोय. उबुंटूसारख्या डिस्ट्रोवर ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागतात, आणि पुढच्या बूटला निळा स्क्रीन काही सेकंदच थांबतो. तिथे ‘एनरोल मॉक’ (सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की कर्नल मॉड्यूल नाकारतो आणि शिव्या एनव्हिडियाला पडतात. ड्रायव्हर डिस्ट्रोच्या पॅकेजातूनच घ्या. कंपनीच्या साइटवरची ‘डॉट रन’ फाइल उतरवलीत तर पुढच्या अपडेटला गोंधळ ओढवून घ्याल.

ऑफिसातून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय छोटा असतो. त्यासाठी ७० वॅटचं, सहसा वेगळी पॉवर केबल न लागणारं एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० सहा जीबी आम्ही आरएक्स ६४०० च्या आधी सुचवू.

“जुनं घेतलं तरी चालतं.”

एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर शाखा. स्वस्तात मिळणारं १०६० घेताना हे माहीत असू द्या. एएमडीत आरएक्स ५८० अजून उत्तम चालतं, पण त्या नावाने २३०४ ऐवजी २०४८ कोरचं कार्डही खपवतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाताना लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा) खिशात ठेवा, दुकानदाराच्या मशीनवर बूट करा आणि ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही कार्डांचे ओळख क्रमांक दाखवणारी कमांड चालवा. कार्डाच्या ओळीत शेवटाकडे, चौकोनी कंसात, ‘१००२:६७डीएफ’ हवं. ‘१००२:६एफडीएफ’ दिसलं तर ते २०४८ वालं आहे. भाव त्याप्रमाणे पाडून मागा, नाहीतर पुढचं दुकान गाठा.